चुलीवरून कुटुंब मोजताना

जनगणनेचा प्रगणक दारात उभा राहिला की नाव, वय, नातं सगळं विचारतो, पण त्याच्या तक्त्यातलं कुटुंब ठरतं ते चुलीवरून. एकत्र राहणारी आणि एका स्वयंपाकघरातलं जेवणारी माणसं म्हणजे एक कुटुंब. ती एकमेकांच्या नात्यातली असलीच पाहिजेत अशी अट नाही.

ही व्याख्या घेऊन चाकणजवळच्या निघोज्यातल्या किंवा महाळुंग्यातल्या एखाद्या चाळीत शिरावं. दहा बाय दहाची खोली, वर पत्रा, खिळ्यांना टांगलेल्या आठ पिशव्या. राहणारी आठही पोरं ओडिशातली, पण एका गावची नाहीत. पहिल्या पाळीचा पहाटे उठून बससाठी नाक्यावर गेला की थोड्या वेळाने रात्रपाळीचा येऊन त्याच गादीवर आडवा होतो. गॅस एक, भाताचं पातेलं एक, भिंतीला लटकवलेली खर्चाची वही एक. सरकारदप्तरी हे एक कुटुंब. त्याच रांगेत पुढच्या दोन खोल्यांत लातूरकडचे दोन सख्खे भाऊ राहतात. धाकट्याचं लग्न झाल्यावर गॅस वेगळा झाला, पण गावाकडची जमीन दोघांची एकत्र, आईच्या औषधाचा खर्च दोघांत, आणि एकीची पाळी असली की दुसरी जाऊ दोघींची पोरं सांभाळते. ही मात्र दोन कुटुंबं.

तिथून निगडी प्राधिकरणात यावं. सत्तर-ऐंशीच्या दशकात कंपनीत लागलेल्या कामगाराने प्लॉट घेऊन बांधलेलं तीन मजली घर. खाली म्हातारा-म्हातारी, पहिल्या मजल्यावर थोरला, वर धाकटा. विजेचे मीटर तीन, गॅसची कार्डं तीन. गणपती एकच बसतो, तोही खाली. मोजणीत कुटुंबं तीन.

व्याख्या चुकीची आहे असं नाही. देशभर मोजायचं तर काहीतरी डोळ्यांना दिसणारं, हाताला लागणारं माप लागतं, आणि चुलीसारखं माप दुसरं नाही. फक्त त्या मापाने घर मोजलं जातं, संसाराचा पसारा मोजला जात नाही, एवढं ध्यानात ठेवलं म्हणजे झालं. ‘एकत्र कुटुंब संपलं’ असं आपण जे छातीठोकपणे बोलतो ते बहुतेक वेळा याच मापाच्या आधारावर.

या मापाची मर्यादा ओळखून जरा मोठी व्याख्या मांडली ती पुण्यातच, डेक्कन कॉलेजात. मानवशास्त्रज्ञ इरावती कर्वे (1905–1970) यांचा ‘किनशिप ऑर्गनायझेशन इन इंडिया’ हा ग्रंथ 1953 साली आला. बाई जन्माने ब्रह्मदेशातल्या, मुंबईत समाजशास्त्रज्ञ गो. स. घुर्ये यांच्या विद्यार्थिनी, पुढे बर्लिनला जाऊन डॉक्टरेट केलेल्या; ‘युगान्त’मुळे मराठी घराघरांत पोचल्या ते नंतर. पुण्याच्या रस्त्यावर स्कूटर चालवणाऱ्या अगदी पहिल्या बायकांपैकी त्या एक, आणि तीही आकुर्डीच्या बजाज स्कूटरींनी शहर भरण्याआधी. त्यांनी एकत्र कुटुंबाच्या खुणा सांगितल्या त्या अशा: माणसं एका छपराखाली राहतात, एका चुलीवरचं खातात, त्यांची मिळकत सामाईक असते, कुलाचार एकत्र होतात आणि ती एकमेकांशी नात्याने बांधलेली असतात. चूल आहेच, पण ती पाचांतली एक.

या पाचही गोष्टी एकाच वेळी एकाच घरात सापडाव्यात ही अपेक्षा फार. त्या एकमेकींपासून कधी आणि कशा सुटतात हे पाहण्यात या व्याख्येचा खरा उपयोग आहे. ओडिया पोरांच्या खोलीत छप्पर आणि चूल आहे, बाकी तिन्ही नाहीत. लातूरच्या भावांकडे चूल सुटली, मिळकत नाही. प्राधिकरणातल्या घरात छप्पर आणि देव शाबूत आहेत.

आता पूर्वी सगळं एकत्र होतं आणि कारखान्यांनी ते मोडलं, ही जी आपली ठाम समजूत आहे तिच्याकडे वळू. तिची परीक्षा घेता येईल असं एक गाव याच जिल्ह्यात, नगर रस्त्यावर आहे. लोणीकंद. पेशवाई बुडाल्यावर वर्षभरात, 1819 मध्ये, कंपनी सरकारातल्या थॉमस कोट्स नावाच्या शल्यवैद्याने या गावाची बारकाईने पाहणी केली. घरं, माणसं, औतं, कर्ज, कपडालत्ता, कोण काय खातो, सगळं लिहून काढलं. त्यानंतर जवळजवळ एकशेचाळीस वर्षांनी घुर्ये यांनी पुन्हा तेच गाव अभ्यासलं आणि 1960 मध्ये त्यावर पुस्तक लिहिलं. पुढे पॉलीन कोलेंडा या अमेरिकन मानवशास्त्रज्ञ बाईंनी 1819, 1958 आणि 1967 अशा तीन मोजण्या शेजारी ठेवून पाहिल्या. निष्कर्ष असा की कोट्सच्या वेळी लोणीकंदात एकत्र कुटुंबांचं प्रमाण कमी होतं. ते विसाव्या शतकात वाढलेलं दिसतं.

वाचताना दचकायला होतं, पण हिशेब साधा आहे. तीन पिढ्या एका घरात नांदायच्या तर आजोबा जगायला हवा. नातू कळता होण्याआधीच आजोबा जात असेल, दोन भावांतला एक पटकीत किंवा देवीच्या साथीत जात असेल, तर एकत्र राहायला माणसंच उरत नाहीत. विसाव्या शतकात माणसं जगू लागली तशी घरं भरली. मनात आदर्श एकत्र कुटुंबाचा असतो. प्रत्यक्षात किती जणांना ते लाभतं हे मृत्यूदरावर, जमिनीवर आणि घराच्या आकारावर अवलंबून असतं. समाजशास्त्रज्ञ अ. म. शाह यांनी गुजरातच्या जुन्या नोंदींवरून हाच मुद्दा 1973 मध्ये मांडला. तिकडे इंग्लंडात इतिहासकार पीटर लॅस्लेट आणि केंब्रिजच्या त्यांच्या सहकाऱ्यांनी चर्चच्या आणि गावांच्या जुन्या याद्या तपासल्या, तर यंत्रयुगाच्या कितीतरी आधीपासून तिथलं सरासरी घर पावणेपाच माणसांचंच निघालं. म्हणजे तिथेही कारखान्याने मोठं कुटुंब फोडलं ही कथा निदान जशीच्या तशी खरी नव्हती.

तरीही ही कथा पुस्तकांतून हटली नाही. 1963 साली समाजशास्त्रज्ञ विल्यम गूड यांचं जगभरच्या कुटुंबरीतींवरचं पुस्तक आलं. उद्योग जिथे जाईल तिथे कुटुंब हळूहळू नवरा-बायको-मुलं या आटोपशीर साच्याकडे सरकेल, असा त्यांचा एकंदर रोख. योगायोग असा की त्याच वर्षी रिचर्ड लँबर्ट यांचं पुण्यातल्या पाच कारखान्यांच्या कामगारांवरचं पुस्तक छापून आलं. लँबर्ट प्रत्यक्ष कामगारांना प्रश्न विचारून आले होते, आणि त्यांना दिसलं ते वेगळं होतं. कारखान्यात शिरल्यामुळे माणसाचं घर, जात आणि सोयरीक यांत मोठी उलथापालथ झालेली नव्हती. उलट कायमच्या नोकरीकडे कामगार एखाद्या मिळकतीसारखा पाहत होता: एकदा हाती आली की सोडायची नाही, आणि तिच्या सावलीत घरच्यांना बसवायचं.

हे वाचलं की पिंपरी-चिंचवडची पुढची साठ वर्षं उलगडायला लागतात. 1954 मध्ये हिंदुस्तान अँटिबायोटिक्स पिंपरीत आली. साठच्या दशकात एमआयडीसी, टेल्को, बजाज. 1970 मध्ये नगरपालिका, 1982 मध्ये महापालिका. लोकसंख्या 1991 मध्ये 5 लाखांवर, 2001 मध्ये 10 लाखांवर, 2011 मध्ये 17 लाखांवर गेली. नव्वदीनंतर चाकणची पाळी आली आणि 2009 पर्यंत फोक्सवॅगन, मर्सिडीज तिथे पोचल्या. एवढी माणसं जाहिराती वाचून आली नाहीत. एक जण कंपनीत चिकटला, त्याने मेव्हण्याला बोलावलं, मेव्हण्याने पुतण्याला. खानदेशची, मराठवाड्याची, साताऱ्या-सांगलीची माणसं एकेका उपनगरात गठ्ठ्याने दिसतात ती यामुळे. कारखान्याने कुटुंब फोडण्याऐवजी कुटुंबानेच कारखान्यासाठी माणसं भरून दिली. आणि ‘मुलगा कंपनीत आहे’ हे ऐकल्यावर मुलीच्या बापाचा पुढचा प्रश्न आजही ‘पर्मनंट आहे का?’ हाच असतो. लँबर्टनी ज्या मिळकतीबद्दल लिहिलं तीच ही. चाकणच्या कंत्राटी पोराचं लग्न रखडतं ते पगार कमी म्हणून जितकं, तितकंच ही मिळकत नावावर नाही म्हणून.

इथपर्यंत आपण बहुतेक मराठी घरांबद्दल बोललो. पण या पट्ट्याची खरी गंमत पुढे आहे. कर्व्यांनी भारताचे नातेसंबंधांनुसार चार विभाग पाडले होते: उत्तर, मध्य, दक्षिण आणि पूर्व. महाराष्ट्र आणि ओडिशा त्यांच्या मध्य विभागात येतात. नकाशावर शेकडो कोस दूर असलेल्या या विभागांतली माणसं आता मोशीत किंवा चिखलीत एका जिन्याने चढतात-उतरतात, आणि लग्नाचा विषय निघाला की चौघींची चार तोंडं होतात.

बिहारच्या किंवा पूर्व उत्तर प्रदेशच्या बाईला सांगून पाहा की आमच्याकडे मामाची मुलगी करतात. ती अवाक होते. तिच्याकडे ती बहीण. तिकडे गोत्र टाळायचं, गावातली मुलगी गावात द्यायची नाही, आणि मुलगी जाते ती सर्वस्वी परक्या घरात, परक्या गावात. सासऱ्यापुढे आणि मोठ्या दिरापुढे डोक्यावरून पदर. अनेक ठिकाणी बाप मुलीच्या सासरी पाणीही घेत नाही. (आपल्याकडच्या जुन्या बायकाही नातवंड होईपर्यंत लेकीकडे जेवत नसत, हे विसरायला नको.) याच्या उलट टोकाला तमिळ, तेलुगू, कन्नड घरं. तिथे मामे-आते भावंडांचं लग्न तर चालतंच, पण अनेक जातींत भाचीचं लग्न सख्ख्या मामाशीही होत आलं आहे. सासू म्हणजे आधीपासूनची आत्या किंवा आजीच. नव्या नवरीला घर नवं नसतं.

महाराष्ट्र मधोमध. बऱ्याच मराठी जातींत मुलाने मामाची मुलगी करावी, म्हणजे मुलीने आत्याच्या घरी जावं, ही पसंतीची सोयरीक. उलटी, आत्याची मुलगी करणं, बहुतेक ठिकाणी टाळतात. देशस्थांत मामेबहीण चालते, कोकणस्थांत नाही. खेड्यातली सून सासूला आत्याबाई आणि सासऱ्याला मामंजी म्हणते ते उगीच नाही. 1955 च्या हिंदू विवाह कायद्याने मामे-आते भावंडांना निषिद्ध नात्यात टाकलं आणि लगेच रूढी असल्यास सवलतही ठेवली. एवढा मोठा देश एका कलमात बसवताना दुसरा इलाज नव्हता.

सोयरीक कुठे करायची, हे सोयरिकीपुरतं राहत नाही. टिम डायसन आणि मिक मूर या अभ्यासकांनी 1983 मध्ये कर्व्यांच्याच विभागणीचा आधार घेऊन एक प्रसिद्ध निबंध लिहिला. जिथे मुलगी नात्यात किंवा जवळपास दिली जाते आणि माहेरचा वावर राहतो, तिथे बाईचा घरातला शब्द अधिक चालतो, आणि दक्षिणेत बालमृत्यू व जन्मदर कमी असण्याचा त्याच्याशी संबंध आहे, असा त्यांचा युक्तिवाद. पुढे त्यावर वाद झाले. नात्यातल्या लग्नांपेक्षा शिक्षण आणि आरोग्यसेवेला जास्त श्रेय द्यायला हवं असं अनेकांनी म्हटलं. मलाही ते पटतं. पण माहेर किती लांब, हा प्रश्न त्या निबंधाने लोकसंख्याशास्त्रात आणला हे मोठंच काम.

त्याचा पडताळा हवा असेल तर बाळंतपण पाहावं. मराठी, कन्नड, तमिळ घरांत पहिलं बाळंतपण माहेरी. सातव्या महिन्यात डोहाळजेवण आटोपलं की मुलगी चालली आईकडे. बिहार-उत्तर प्रदेशात बाळंतपण बहुधा सासरीच होतं आणि बाळंतिणीचं सासू-नणंद पाहतात. आता हे दोन्ही चाकणच्या खोलीत आणून ठेवा. लातूरची सून गावी जाते, सव्वा महिन्याने बाळ घेऊन परत येते. बिहारातल्या छपऱ्याहून आलेलीची सासू दीड हजार किलोमीटरवर, शेत आणि गुरं सोडून तिला निघता येत नाही. आईने यायचं तर लेकीच्या घरी राहायचं कसं हा पेच. मग शेजारची कुणी मावशी, तीही बऱ्याचदा मराठी, बाळाला न्हाऊ घालते. डिंकाचे लाडू आणि अळीव त्या खोलीत पोचतात ते असे. रीत बदलली असं कुणी जाहीर करत नाही. दुसऱ्या खेपेला मात्र आईच तिकीट काढून येते.

केरळची माणसं या पट्ट्यात उद्योगांच्या सुरुवातीपासून आहेत. त्यांच्याकडे तर बापाकडून मुलाकडे जाणारी वंशरेषा गृहीतच धरता येत नाही. नायरांच्या थरवाडात मिळकत आईकडून मुलीकडे उतरे आणि घराचा कारभार मामा पाही. 1975 च्या कायद्याने केरळने हिंदू एकत्र कुटुंबाची मालकी पद्धतच रद्द केली. सीरियन ख्रिस्ती घरांत मात्र मुलींना नाममात्र वाटा मिळे. मेरी रॉय यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने 1986 मध्ये तो समान केला. पिंपरी कॅम्पातल्या सिंधी घरांची गोष्ट आणखी निराळी: फाळणीत घरदार गेलं आणि नव्याने उभं राहिलं ते दुकानाभोवती.

कर्व्यांच्या नकाशाला मर्यादा होत्याच. संस्कृत ग्रंथांवर त्यांचा भर फार, मुसलमान घरांकडे लक्ष कमी. चुलत भावंडांत लग्न करणारं चाकणचं मुसलमान घर आणि ते पाप मानणारं शेजारचं मराठा घर, दोन्ही मराठीच बोलतात, दोन्ही एकाच विभागात पडतात. प्रदेशाइतकाच जातीधर्मानेही फरक पडतो, हे चार रंगांच्या नकाशात मावत नाही.

आता खुद्द इथल्या मूळ माणसांकडे. चाकणच्या आसपासची नाणेकरवाडी, मेदनकरवाडी ही नावं ऐकली तरी कळतं की या वाड्या एकेका आडनावाच्या, एकेका भावकीच्या. औद्योगिक क्षेत्र आलं, जमिनी संपादनात गेल्या, उरलेल्यांना एकराऐवजी गुंठ्याचा भाव आला, आणि भावकीने शेतात कांद्याऐवजी खोल्या लावल्या. परप्रांतातून आलेल्या कुटुंबांच्या विविधतेचं छप्पर हे असं एका भावकीच्या मालकीचं आहे. भाडं कोण गोळा करतं, ते भावांत कसं वाटलं जातं, यावर आज इथलं एकत्रपण टिकतं किंवा मोडतं.

आणि यात बहिणी आल्या. 1994 मध्ये महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत जन्मतः वाटा दिला, 2005 मध्ये केंद्राने तो देशभर नेला, 2020 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने वडील हयात असण्याची अटही काढून टाकली. शेत कोरडवाहू होतं तोवर सातबाऱ्यावरच्या बहिणीच्या नावाचं कुणाला सुखदुःख नव्हतं. ‘वारस’ म्हणून ते चढे आणि तसंच पडून राही. भाव आला तशी बिल्डरचा वकील किंवा संपादनाचा अधिकारी प्रत्येक वारसाची सही मागू लागला. मग राखी-भाऊबीज सांभाळून एक दिवस भाऊ गाडी घेऊन येतो, दुय्यम निबंधकाच्या कचेरीत हक्कसोडपत्र तयार असतं. सही केली तर कोट्यवधींचा वाटा जातो. नाही केली तर माहेर. बहुतेकींनी सही केली. अलीकडे बहिणी आधी आकडा विचारतात, आपसात फोन करून ठरवून येतात, सही करतात ती वाटा घेऊन. त्यामुळे काही घरांत येणंजाणं तुटलं, काही घरांत पहिल्यांदा बहिणीला बैठकीत खुर्ची मिळाली. आपल्याकडच्या कुटुंबाभ्यासात भाऊ-भाऊ कसे वेगळे निघाले यावर पानंच्या पानं आहेत; भाऊ-बहीण कसे वेगळे निघाले हा अध्याय या पट्ट्यात आत्ता लिहिला जातोय.

कागदपत्रं मात्र अजून आपलाच साचा घेऊन बसलेली. राज्य कामगार विम्याच्या कार्डावर बायको, मुलं आणि अवलंबून असलेले आई-वडील बसतात. मयत भावाचा मुलगा, जो या कामगाराच्याच पगारावर शिकतो, बसत नाही. जनगणना चूल विचारते, बँक वारस विचारते, आणि प्रत्येक फॉर्ममध्ये कुटुंब वेगळ्या आकाराचं निघतं. स्थलांतराच्या आकड्यांत तर याहून मोठी गफलत आहे. 2020–21 च्या केंद्रीय श्रमबल पाहणीत स्थलांतरित स्त्रियांपैकी सुमारे 87 टक्के स्त्रियांनी घर सोडण्याचं कारण लग्न असं नोंदवलं गेलं. उत्तर खोटं नाही. छपऱ्याची ती बाई नवऱ्याच्या मागोमाग निघोज्याला आली, हे खरंच. पण आल्यावर तिसऱ्या महिन्यात ती वायरिंग हार्नेस बांधणाऱ्या छोट्या कारखान्यात लागली, सासरी पैसे तिच्याही पगारातून जातात, दिराला पुढच्या खेपेला इथे आणायचं की नाही हे ती ठरवते. तिच्या नावापुढे मात्र ‘लग्न’ एवढीच नोंद राहते, कारण पाहणीत विचारलं होतं ते घर का सोडलं. इथे येऊन काय केलं, ते नव्हे.